शिंगाडे किती झाले

आजोबाचं नाव डोमा. बाप बिसन नान्हे, जात ढिवर,
राहणार तलावाच्या पाळीखाली.
एवढं कोतवालाच्या वहीत आहे.
मरणाच्या रकान्यात नुसती रेघ,
कारण गावात मेला नाही.

लोक सांगतात, डोंग्यात जन्मला.
खोटं. घरीच झाला, जाळी वाळत घालायच्या छपरीत.
सुईण दुपारपर्यंत आली नव्हती, एवढं खरं.
आणि हेही खरं, की पाण्याखाली गेला की
काठावरच्यांची अर्धी बिडी ओढून व्हायची
तेव्हा वर यायचा, हातात वाम.

मग मालगुजारानं तलावाचा ठेका
तुमसरच्या शेटाला दिला.
मासळी गेली. शिंगाड्याची बोडी तेवढी राहिली.
तिरोड्याचा एक रामटेके सांगत आला,
कलकत्त्याच्या गोदीत मचव्यावर माणसं लागतात,
पान्याले न भेनारी.
बिसन म्हणाला, जाय. पानी सगळीकडं सारखंच असते.

गोंदियाला गाडीत बसला तेव्हा
आजीला सातवा महिना.

दर महिन्याला बारा रुपये, एकदा चौदा.
त्या चौदाच्या कुपनावर हिंदीत ओळ,
कुण्या मुन्शीच्या हातची, वळणदार:
सिंगाड़े कितने हुए लिखना,
लड़की का नाम हम आकर रखेंगे।
पोस्टमननं वाचून दाखवलं. आजीनं अंगठा दिला.
शिंगाडे नऊ पायल्या झाले होते.
उत्तर लिहून द्यायला पोस्टमन बुधवारी येणार होता.

तोवर तो मरून आठ दिवस झाले होते.

हे कळलं पुसात, रामटेके परत आला तेव्हा.
डोमाचा दुपट्टा त्यानं उंबऱ्यावर ठेवला
आणि पाणी मागितलं, पण प्यायला नाही.
म्हणाला, वरून पडलं.
बिसननं विचारलं, झाडावरून?
नाई जी. आभायातून. इमानं आली होती.
गावात विमान कुणी पाहिलं नव्हतं.
पणजीला वाटलं वीज. ती म्हणाली,
थंडीत कोठची आली वीज?
मग तिला कळलं, वर माणसं होती.
तेव्हा तिनं विचारलं,
त्याहीचं अन् माह्या डोमाचं भांडन कायचं होतं?

रामटेकेजवळ याचं उत्तर नव्हतं.
त्यानं जे पाहिलं ते सांगितलं:
भोंगा वाजला. रविवार होता, भात शिजत होता.
आमी सगळे गोदामाकडं पराल्लो.
हा एकटा पान्याकडं.

एवढं ऐकून बिसन उठला
आणि बोडीवर गेला. संध्याकाळपर्यंत आला नाही.
त्यानंच पोराला शिकवलं होतं,
जीव घाबरला की पाण्यात जायचं.

बांगड्या आजीनं फोडल्या नाहीत, काढून ठेवल्या,
गाडग्यात, मिठाच्या बाजूला.
त्या उन्हाळ्यात कामठ्याकडच्या माळावर
सरकारी काम निघालं, गिट्टी अंथरायचं,
बायांना सहा आणे.
दोन महिने तिनं पाटी वाहिली.
कशासाठी एवढं सपाट करतात, हे
मुकादमानं सांगितलं शेवटच्या हप्त्याला.
पैसे मात्र तिनं घेतले. पोर खोकत होती.

पोरीचं बारसं झालंच नाही.
सगळे नोनी म्हणत, शाळेत मास्तरनं नोनीबाई लिहिलं,
मतदार यादीतही तेच. ती माझी आई.
बोडीत शिंगाडे काढताना तिच्या बोटांना
काटे टोचत नसत, किंवा ती सांगत नसे.

आता त्या माळावर पोरं उडायला शिकतात.
लहान पांढरी विमानं, दिवसभर गोल गोल,
इतकी खाली की आकडे वाचता येतात.
मला आवडायची. मी हात हलवायचो.
आई वर बघत नसे.
आवाज आला की बांबू रोवून
डोंगा काठाला लावायची,
मला दंडाला धरून ओढत न्यायची
पळसापर्यंत, पाण्यापासून लांब,
आणि आवाज जाईपर्यंत
ओल्या ओच्यातले शिंगाडे मोजत बसायची,
चुकली की पुन्हा एकपासून.